ताईची शिरोरेघ

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यात जितक्या लोकांची नावं लिहिली तितकी जनगणनेवाल्यांनीही लिहिली नसतील. ती बेकरीत कामाला होती, सलग अडतीस वर्षं. पाव आणि बिस्किटं भाजायला दुसरी माणसं होती. ताईचं काम केक सजवायचं आणि त्यावर लिहायचं. आमच्या भागात जन्मलेलं मूल पहिल्या वाढदिवसाला तिच्या हाताखालून जायचं, मग दरवर्षी जायचं, लग्न ठरलं की पुन्हा एकदा जायचं आणि त्याचे आईबाप नोकरीतून निवृत्त होताना तेही जायचे. त्यामुळे रस्त्यात भेटणाऱ्या माणसांकडे ती जरा वेगळ्याच नजरेने बघायची. "याचं नाव अर्ध्या किलोत बसत नाही," असं ती हळूच माझ्या कानात सांगायची, आणि समोरचा गृहस्थ मला माझी तब्येत विचारत असताना मला हसू दाबून उभं राहावं लागायचं.

तिची लिहायची एक पद्धत होती. आधी सगळी अक्षरं डोकी उघडी ठेवून काढायची, आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एकच शिरोरेघ. शब्द दोन असोत की चार, मध्ये हात उचलायचा नाही. रेघ संपली की टोक थोडं वर वळवायचं, कारण क्रीम दाबायची पिशवी तशीच उचलली तर शेपटी मागे राहते. नवीन मुली ते वळण शिकायचा प्रयत्न करायच्या आणि प्रत्येकीचं भलतंच काहीतरी व्हायचं. मालक म्हणायचे, सहीची गरज नाही, टोक बघितलं की कळतं.

मी स्वतः बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. समोरचा माणूस खरं बोलतोय यावर माझा चटकन विश्वास बसत नाही, आणि चिडायला मला फारसं कारण लागत नाही. ताईच्या भाषेत मी जन्मताच त्रासलेला होतो. आम्ही एकाच घरात राहतो. ताईने लग्न केलं नाही. पुढची खोली तिची, मागची आमची, आणि स्वयंपाकघर पूर्वी माझ्या बायकोचं होतं.

पूर्वी म्हणायचं कारण असं, की बेकरीत एक यंत्र आलं. त्यात फोटो घातला की तो केकवर छापून मिळतो. मालक माणूस भला, त्यांनी ताईला खुर्चीवर बसवून, स्वतः उभं राहून ही गोष्ट सांगितली. निरोपाच्या दिवशी त्यांनी तिला केक दिला, त्यावर तिचाच फोटो छापलेला. ताईने स्वतःच्या नाकावरून सुरी फिरवली आणि सगळ्यांना तुकडे वाटून मोकळी झाली. मग ती घरी आली आणि आमच्या मानगुटीवर बसली.

महिनाभरात तिने डबे उंचीप्रमाणे लावले, टॉवेल रंगाप्रमाणे लावले आणि मला वेळेप्रमाणे लावलं. पाहुणा आला की त्याची धडगत नसायची. ताटली रिकामी व्हायच्या आत ती त्याच्या डोक्यावर उभी. "अजून घ्या." तो म्हणायचा, पुरे. ती म्हणायची, "अजून घ्या," आणि वाढून मोकळी. आमच्याकडे येणारे लोक हळूहळू जेवणानंतरच्या वेळेला यायला लागले.

एकदा असेच आम्ही तिघं जेवत होतो. कशावरून तरी बोलणं निघालं, आणि ताई सहज म्हणाली, "अडतीस वर्षं काम केलं आणि आज दाखवायला एक वस्तू नाही माझ्याकडे. सगळं लोकांनी खाल्लं." ती हसली, म्हणून आम्हीही हसलो. मग ती उठून ताटं विसळायला गेली आणि बराच वेळ एकच ताट विसळत राहिली. मला फार वाईट वाटलं. अशा वेळी मला काही सुचत नाही, म्हणून मी पाणी वाया जातंय असं ओरडलो.

माझ्या बायकोला मात्र सुचतं. दोन दिवसांनी तिने वाण्याच्या दुकानातून एक कागद आणला. मातीची भांडी आणि त्यावर पातळ मातीने नक्षी, नवशिक्यांसाठी वर्ग, बारा शनिवार. "यात पण पिशवीतून दाबून लिहितात म्हणे," ती म्हणाली. "आणि भट्टीत भाजतात. मग कुणी खात नाही."

ताईने कागद दोनदा वाचला. "यांचं अक्षर बरं नाही," ती म्हणाली, आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. म्हणजे ठरलं.

पण त्याच आठवड्यात अंगठ्याचं निघालं. तिचा उजवा अंगठा मुळाशी दुखायचा, कित्येक वर्षं दुखायचा, आणि ती तो चुन्यात बुडवल्यासारखा पांढरा पडेपर्यंत दाबून धरायची. मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, सांधा झिजलाय, आता दाबायचं-पिळायचं काम कायमचं बंद, अंगठ्याला पट्टा बांधा.

"बारा शनिवार थांबा," ताई म्हणाली.

"सांधा तुमच्या शनिवारांवर चालत नाही हो."

"पट्टा द्या. तेराव्या शनिवारी बांधते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात टेकले. शेवटी तडजोड अशी झाली की माती मळायचं, उचलायचं, लाटायचं सगळं दुसऱ्या कुणीतरी करायचं, ताईने फक्त लिहायचं, आणि बारा शनिवारांनंतर अंगठा पट्ट्यात गेला की तिथेच राहायचा. दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, हे मला कुणी विचारलंच नाही.

वर्ग पूर्वीच्या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये होता. फरशीवर तेलाचे जुने डाग, भिंतींना फळ्या, फळ्यांवर अर्धवट वाळलेली भांडी, कोपऱ्यात झाकणं घातलेल्या बादल्या आणि मागच्या बाजूला लोखंडी दाराची भट्टी. शिकवणाऱ्या मॅडम ताईपेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, कोपरापर्यंत मातीने भरलेल्या, आणि बोलायला अतिशय कंजूस. शिकणारे आम्ही पाच-सहा जण. त्यात एक घड्याळवाले काका होते, आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेले, त्यामुळे अजूनही एक डोळा बारीक करून बघायचे. त्यांना एक कप करायचा होता. फक्त एक कप, स्वतःच्या चहासाठी. त्यावर ते घड्याळ दुरुस्तीइतकाच वेळ घालवत होते.

पहिले तीन शनिवार मी माती मळली. माती मळणं म्हणजे कणीक मळणं नव्हे, हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं आणि माझ्या खांद्यांना दुसऱ्या दिवशी. आत हवेचा बुडबुडा राहिला तर भट्टीत भांडं फुटतं, म्हणून मॅडम तारेने गोळा मधोमध कापायच्या, आत बघायच्या आणि परत माझ्यापुढे सरकवायच्या. मी लोकांची तिकिटं अशीच परत केली असतील, पण तेव्हा मला समोरच्याचं दुःख कळलं नव्हतं. मग माती लाटायची, प्लास्टरच्या खोलगट साच्यात बसवायची, कडा कापायच्या, की थाळी तयार. ताई स्टुलावर बसून मला सूचना द्यायची. तिने आयुष्यात माती हातात धरली नव्हती, पण सूचनांना त्याची गरज नसते.

चौथ्या शनिवारी बादल्या उघडल्या. पातळ मातीला तिथे सगळे स्लिप म्हणत. एका बादलीत पांढरी, एका बादलीत गडद तपकिरी. बारीक चाळणीतून दोनदा गाळून ती सायीइतकी दाट करायची. थोडी घट्ट झालेली थाळी घ्यायची, पांढरी स्लिप आत ओतायची, थाळी फिरवून सगळीकडे लावायची आणि उरलेली परत ओतून द्यायची. मग थांबायचं. वरची चकाकी गेली की तपकिरी स्लिप रबराच्या फुग्यात भरायची, त्याला पुढे बारीक नळी असते, आणि फुगा दाबत रेघ काढायची.

बाकीच्यांच्या फुग्यातून आधी काहीच येत नव्हतं आणि मग सगळं एकदम येत होतं. घड्याळवाल्या काकांच्या कपावर तर एक बेट तयार झालं. ताईने फुगा हातात घेतला, तळहातावर तोलला, टेबलाच्या कडेवर एक थेंब काढून पाहिला, आणि थाळीच्या काठाने एक नागमोडी रेघ अशी सोडली की सुरुवात कुठे नि शेवट कुठे ते कळू नये. सगळे आपापलं सोडून बघत उभे राहिले. मॅडमही आल्या.

"आधी केलंय?" त्यांनी विचारलं.

"हे तर आयसिंगच आहे," ताई म्हणाली, आणि मला त्या क्षणी तिचा असा अभिमान वाटला की मी कारण नसताना काकांवर डाफरलो, ढकलू नका म्हणून.

पण चढलेलं डोकं लवकर खाली येत नाही. ताईने दुसऱ्या थाळीवर वेल काढायला घेतली आणि मध्येच नळीतून बुडबुडा फुटून एक डाग पडला. बेकरीत डाग पडला की काय करायचं, हे तिला झोपेतही ठाऊक. तिने डागावर गुलाब काढला. पाकळीवर पाकळी, सात पाकळ्यांचा, चांगला बोटभर उंच. डाग गेला, आणि वेल उलट जास्तच छान दिसायला लागली. मग तोल राहावा म्हणून तिने आणखी दोन गुलाब काढले.

मॅडम म्हणाल्या, "ताई, ती फुलं काढून टाका. जाड माती वरून वाळते आणि आत ओली राहते. भट्टीत वाफ होऊन उडेल."

"हो," ताई म्हणाली. मी तिचा भाऊ आहे. तिचं हो आणि तिचं हो-हो यातला फरक मला कळतो. मॅडमची पाठ वळल्यावर तिने दोन फुलं खरवडली. डागावरचं ठेवलं. "एवढंसं तर आहे," ती मला म्हणाली, "आणि डाग दिसेल तो कसा चालेल? डाग असलेला केक मी आजवर बाहेर जाऊ दिला नाही." मग तिने थाळी वाळायच्या फळीवर मोठ्या भांड्यांच्या मागे ठेवली. इतकी वर्षं मी बाकाखाली लपलेले बिनतिकीट लोक शोधून काढले, आणि त्या दिवशी मी स्वतः एका थाळीसमोर आडवा उभा राहिलो.

सहाव्या शनिवारनंतर पहिली भट्टी लागली. सातव्या शनिवारी मॅडमनी दार उघडलं आणि एकेक भांडं बाहेर काढून टेबलावर ठेवायला लागल्या. ताईच्या थाळीत वेल होती, आणि गुलाबाच्या जागी मातीपर्यंत गेलेला एक खड्डा. ते एकवेळ ठीक होतं. गुलाब गेला कुठे, हा प्रश्न होता. तो घड्याळवाल्या काकांच्या कपात गेला होता. फुटून उडाला, शेजारच्या कपात पडला, आणि भांड्यांना चमक यावी म्हणून चढवलेला चकाकीचा थर वितळला तेव्हा तळाला कायमचा चिकटून बसला. तीन पाकळ्या वर, धारदार.

काकांनी कप उचलला, एक डोळा बारीक केला आणि आत बराच वेळ पाहिलं. त्यांना सहा शनिवार लागले होते त्या कपाला. ताईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. तिला कुणाची माफी मागताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि आता मागतानाही ती इतकी वाईट मागत होती की ऐकवत नव्हतं. "मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मॅडमनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुमचा कप गेला."

"गेला कुठे," काका म्हणाले, "हा काय आहे. चहा जरा जपून ढवळावा लागेल, एवढंच." आणि ते खरंच तो कप घरी घेऊन गेले.

पुढच्या शनिवारी ती तयारच झाली नाही. अंगठा दुखतोय म्हणाली. अंगठा तर रोजच दुखत होता. मी तिच्या दारात उभं राहून सांगितलं की माझे खांदे निकामी झालेत ते तिच्या थाळीसाठी, आणि ती येणार नसेल तर मी एकटा जाऊन तिच्या नावाने गुलाब काढीन. ती उठली, पण बळेच.

मॅडमनी तिला पाहिलं आणि तोवरच्या आठ शनिवारांत पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलल्या. "ताई, तुमची रेघ माझ्यापेक्षा चांगली आहे. पण इथे झाकायला काही मिळत नाही. चुकलं तर एक तर पांढऱ्यासकट सगळं पुसायचं, नाहीतर तसंच राहू द्यायचं. शेवटच्या भट्टीत प्रत्येकाची एक थाळी घेणार आहे मी, फुलं नकोत."

म्हणजे एक थाळी. तो अंगठा, आणि त्याचे चार शनिवार. त्यानंतर पट्टा, आणि मग तिच्या हातून रेघ निघणार नव्हती. ही एक थाळी साधली नाही तर जेवताना हसत म्हणालेलं ते वाक्य खरंच राहणार होतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती वर्तमानपत्रावर सराव करायची, तेही थोडाच, अंगठा वाचवून. आणि तोवर लिहायचं काय हा घोळ सुरू झाला. आयुष्यभर दुसऱ्याने चिठ्ठीवर लिहून दिलेलं तिने लिहिलं होतं. आता स्वतःचं काही लिहायची वेळ आली तर तिला सुचेना. माझी बायको म्हणाली, आधी हात धुवा असं लिहा. मी म्हणालो, तिकीट दाखवा असं लिही. ताई म्हणाली, या घरात एकालाही अक्कल नाही.

अक्कल दिली ती घड्याळवाल्या काकांनी. अकराव्या शनिवारी, लिहायच्या दिवशीच, ताईने भरपाई म्हणून त्यांच्यासाठी डबाभर बिस्किटं आणली होती. काकांनी दोन खाल्ली. ताई म्हणाली, "अजून घ्या." तिसरं घेतलं. "अजून घ्या." पाचव्या बिस्किटाला काका काकुळतीला आले. "ताई, तुम्ही हे थाळीवरच लिहून टाका ना. तुमचं तोंडही दुखणार नाही आणि आमचं पोटही."

ताईने हातातला डबा खाली ठेवला. मग तिने पदर खोचला.

थाळी मी लाटली होती, आणि सांगायला हरकत नाही, चांगली लाटली होती. पांढरी ओतून झाली, चकाकी गेली. ताईने फुगा घेतला आणि 'अ' काढला. त्याच्या शेजारी, हात उचलताना, अंगठ्यात कळ आली असावी, कारण फुगा तिच्या हातात एकदम दबला आणि एक टपोरा डाग पडला. तिचा हात डागाकडे परत गेला, नळी डागाच्या बरोबर वर थांबली. मला पाकळ्या दिसायला लागल्या. ताईने हात तसाच पुढे नेला आणि 'जू' काढला.

अक्षरं तिने थांबत थांबत काढली. एक अक्षर, मग हात खाली, मग दुसरं. 'घ्या' काढून झालं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. आता फक्त शिरोरेघ राहिली होती. अक्षरं थांबून काढता येतात, पण ती रेघ एका दमात, एकसारखी दाबत न्यायला लागते. ताईने दोनदा कडेला टेबलावर दाबून पाहिलं, आणि दोन्ही वेळा अंगठा अर्ध्यातच सुटला.

"इकडे ये," ती मला म्हणाली.

"कशाला?"

"माझ्या अंगठ्यावर तुझा अंगठा ठेव. तू फक्त दाबायचं. हात मी नेते."

"मला जमणार नाही. बिघडेल."

"बिघडव. पण दाब."

"बिघडलं तर मला बोलायचं नाही."

"बोलणार. ये."

मी तिच्या मागे उभा राहून हात पुढे केला. तिचा अंगठा थंडगार होता आणि मुळाशी हाड वर आलेलं हाताला लागलं. इतक्या वर्षांत मी तो कधी हातात घेऊन पाहिला नव्हता, याची मला लाज वाटली. "दाब," ती म्हणाली. मी दाबलं. "कमी." कमी केलं. "अरे, इतकं कमी नाही." हात चालला होता, तिचा, सरळ, जराही न कापता, आणि माझ्या दाबाप्रमाणे रेघ जाड व्हायची, बारीक व्हायची, मध्ये तर जवळजवळ तुटलीच. 'घ्या'वर मी घाबरून जोर केला आणि ती चांगलीच फुगली. मग ताईने मनगट हलकेच वर वळवलं आणि म्हणाली, "सोड."

मी सोडलं. टोक वर वळलेलं होतं, बेकरीतल्यासारखंच.

"छे," ताई म्हणाली. "बसने गेल्यासारखी गेली आहे रेघ." पण थाळी पुसायला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

बाराव्या शनिवारी थाळीवर चकाकीचा थर चढवला आणि ती भट्टीत गेली. भट्टी निवायला तीन दिवस लागतात. ते तीन दिवस आमच्या घरातले डबे पुन्हा उंचीप्रमाणे लागले. चौथ्या दिवशी मॅडमनी दार उघडलं तेव्हा माझी बायकोही आली होती. थाळी सगळ्यात मागे होती. मॅडमनी ती दोन्ही हातांत धरून बाहेर आणली आणि ताईच्या हातात दिली.

पांढरं होतं ते मधासारखं पिवळं झालं होतं, तपकिरी होतं ते जवळजवळ काळं. सगळं जागेवर होतं: अक्षरं, डाग, माझी जाड-बारीक रेघ आणि वर वळलेलं टोक. ताईने थाळीवर टिचकी मारली. खणखणीत वाजली. तिने आणखी एकदा मारली, मग माझ्या बायकोला मारायला लावली, मग काकांना. घरी गेल्यावर तिने ड्रॉवरमधून पट्टा काढला आणि स्वतःच्या हाताने अंगठ्याला बांधून घेतला.

माझं म्हणणं होतं, थाळी काचेच्या कपाटात ठेवावी. मी ठेवलीही. ताईने त्याच दिवशी ती बाहेर काढली. "कपाटाला काय वाढायचंय?" ती म्हणाली. तेव्हापासून पाहुण्याला त्याच थाळीत देतात. गंमत अशी की वाढलेलं असेपर्यंत काही दिसत नाही. संपत आलं की खालून 'अजून घ्या' वर येतं, आणि पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. डाग सगळ्यांना मनुका वाटतो. प्रत्येक जण तो एकदा तरी नखाने उचलून बघतो. ताई प्रत्येक वेळी तितकीच खूश होते.

मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून प्लंबर बोलावला. पस्तिशीचा, नवीनच कुणीतरी, गोरा-गोमटा, पाठीला हत्यारांची पिशवी. तासभर ओट्याखाली आडवा होता. काम झाल्यावर ताईने त्याला बाहेर बसवून थाळीत केकचे तुकडे दिले. मी समोर बसून त्याने बदललेल्या वॉशरबद्दल मनातल्या मनात शंका घेत होतो. त्याने केक संपवला, थाळी वाचली आणि हसला नाही. थाळी उचलून तिरकी धरली.

"काका, ही कुठून आणलीत?"

"का?" मी विचारलं. माझ्यातला तपासनीस लगेच जागा होतो.

"हे अक्षर मी ओळखतो."

"कसं काय?"

"ही रेघ बघा ना. सगळ्यावरून एकच जाते आणि शेवटी अशी वर वळते. लहानपणी माझ्या केकवर असायची, दरवर्षी. आई तो टोकाचा तुकडा मलाच द्यायची. धाकट्याने कितीदा रडून मागितला, त्याला कधी नाही मिळाला." त्याने टोकावरून बोट फिरवलं. "ही बाकीची रेघ जरा थरथरलीय. पण टोक तेच आहे."

ताई दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. तिने त्याला विचारलं, "नाव काय तुझं?"

त्याने सांगितलं, आडनावासकट.

ताईने क्षणभर छताकडे पाहिलं. "अर्ध्या किलोत बसत नाही ते," ती म्हणाली. "तुझ्या आईला दरवर्षी सांगायचे मी, एक किलोचा घ्या. ती ऐकायची नाही. मग मला तुझं आडनाव कडेने वळवून लिहावं लागायचं."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग थाळीकडे, मग तिच्या पट्ट्यातल्या अंगठ्याकडे. ताई आत गेली आणि केकचे आणखी दोन तुकडे घेऊन आली. तो म्हणाला, "नको, खरंच पुरे." ताईने पट्ट्यातल्या अंगठ्याने थाळीतल्या अक्षरांवर टकटक केली. त्याने दोन्ही तुकडे खाल्ले.

तो गेल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. "ऐकलंस का?" ती म्हणाली. "टोक त्याला द्यायची आई." त्या दिवसात तिने ते मला चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा मी ते पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं.